नवा पॉवर काइट हलक्या वाऱ्यात उठतो आणि परत मागे बसतो, तेव्हा काय तपासावं

पॉवर काइट म्हणजे माणसाला ओढण्याइतकी ताकद असलेला, हँडलने चालवायचा मोठा पतंग. पतंग नवा, दोऱ्या नव्या, जोडणी माहितीपुस्तिकेत दिल्याप्रमाणे. हँडल ओढले की कप्पे फुगतात, पतंग माणूसभर उंच उठतो, तिथेच अडखळतो आणि मागे सरकत सरकत जमिनीवर बसतो. पुन्हा ओढलं, पुन्हा तेच. थोड्या वेळात दंड भरून येतात आणि ‘आज वाराच नाही’ म्हणून दोऱ्या गुंडाळल्या जातात. दुसऱ्या दिवशी थोडा जास्त वारा असतो, पतंग उडतो, आणि दोष वाऱ्याचाच होता अशी खात्री पटते. पुढच्या हलक्या वाऱ्याला तीच रडकथा.

चार दोऱ्यांचा फॉइल पतंग, म्हणजे काड्यांशिवाय कापडी कप्प्यांत हवा भरून फुगणारा पतंग, असा मागे मागे बसत असेल तर वाऱ्याला बोल लावण्याआधी ब्रेकच्या, म्हणजे मागच्या कडेला जाणाऱ्या, दोऱ्या बघाव्यात, असं माझं ठाम मत आहे. जोराच्या वाऱ्यात चुकीचं सेटिंगही खपून जातं, कारण ताकद मुबलक असते. हलक्या वाऱ्यात पतंगाकडे उधळायला काहीच नसतं, त्यामुळे दोन-तीन सेंटिमीटरची चूकही लगेच उघडी पडते.

तो पडतो कसा, ते आधी बघा

सगळी पडणी सारखी नसतात, आणि उपाय परस्परांच्या उलट असल्यामुळे हा फरक ओळखता आला पाहिजे.

पतंगाचं नाक वर आहे, अंग चांगलं फुगलेलं आहे आणि तरीही तो तुमच्यापासून लांब, मागे आणि खाली घसरतोय, तर तो स्टॉल होतोय. म्हणजे कापड वाऱ्याला फार उभं धरलं गेलंय आणि पुढे जायचा वेगच उरलेला नाही. हे नव्याण्णव टक्के ब्रेकचं लक्षण, असं समजून कामाला लागायला हरकत नाही.

याउलट पतंग सुरळीत वर चढतो, थेट डोक्यावर येतो, तिथून तुमच्या पाठीकडे झुकतो, दोऱ्या ढिल्या पडतात, पुढची कड आत दुमडते आणि तो चिंधीसारखा खाली येतो, तर तो वाऱ्याच्या पुढे निघून गेलाय. इथे ब्रेक सैल करत बसलात तर त्रास वाढेल.

सरळ वर न जाता तो दर वेळी एकाच बाजूला वळत असेल तर डाव्या-उजव्या दोऱ्यांची लांबी जुळत नाही, किंवा एका बाजूच्या ब्रायडलमध्ये म्हणजे कन्नीच्या बारीक दोऱ्यांच्या जाळ्यात पीळ किंवा गुंता आहे. आणि दर वेळी ठरावीक उंचीपर्यंत जाऊन इकडून तिकडे हेलकावत असेल, कधी उठतो कधी नाही असं असेल, तर जागा बदला. वाऱ्याच्या बाजूला झाडं किंवा इमारती असल्या की त्यांच्यामागचा वारा त्यांच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत, कधी त्याच्याही दुप्पट लांब, गढूळ राहतो. दहा मीटर उंच झाडांची रांग असेल तर शंभर मीटर दूर उभं राहूनही निर्मळ वारा मिळेलच असं नाही. तिथे कितीही गाठी बदलल्या तरी उपयोग नाही.

ब्रेक लागलेलाच आहे का?

चार दोऱ्यांतल्या वरच्या दोन पॉवरच्या. पतंगाची बहुतेक सगळी ओढ त्यांच्यावर येते. खालच्या दोन ब्रेकच्या, त्या मागच्या कडेला जातात. ब्रेक थोडा ओढला की मागची कड खाली वाकते, क्षणभर उचल वाढते, पण त्यासोबत अवरोधही वाढतो आणि पतंगाचा वेग मरतो. आणखी ओढला की पतंग मागे बसतो. उतरवण्यासाठी, किंवा उलटा पडलेला पतंग मागच्या मागे उचलण्यासाठी हेच हवं असतं. पण तुम्ही काहीच ओढत नसताना ब्रेकची दोरी ताणलेली असेल, तर पतंग पहिल्या क्षणापासून अर्धा थांबवलेलाच आहे.

तपासायला एक माणूस सोबत घ्या. तुम्ही पतंग जमेल तेवढा वर न्या आणि त्याने तुमच्या बाजूला आठ-दहा पावलं उभं राहून दोऱ्यांकडे बघायचं. पॉवरच्या दोऱ्या ताठ सरळ दिसतील. ब्रेकच्या दोऱ्या त्यांच्या खाली हलका झोळ घेऊन लोंबायला हव्यात आणि वाऱ्याने थोड्या मागे वाकलेल्या दिसायला हव्यात. चारही दोऱ्या सारख्याच ताठ असतील तर निदान झालंच. दुसरी खूण मागच्या कडेवर मिळते. ब्रेकच्या बारीक दोऱ्या जिथे जिथे कापडाला शिवलेल्या असतात तिथे कापड आत ओढलं जाऊन टोकं टोकं दिसतात आणि मधला भाग फुगीर राहतो, चुणीदार झालरीसारखा. मोकळ्या ब्रेकमध्ये ही कड जवळपास सपाट धावते.

पतंग तेवढा वेळ हवेत राहतच नसेल तर जमिनीवर बघा. चारही दोऱ्यांची पतंगाकडची टोकं एका पक्क्या खुंटीला अडकवा, हँडल हातात घेऊन मागे जा आणि दोऱ्यांना ताण द्या. हँडल उडवताना धरता तसे नैसर्गिक धरल्यावर पॉवरच्या दोऱ्या ताणलेल्या आणि ब्रेकच्या किंचित सैल असायला हव्यात.

दुरुस्ती सोपी आहे. हँडलच्या खालच्या टोकाला एक जाडसर लीडर दोरी असते, तिच्यावर ओळीने गाठी मारलेल्या असतात. ब्रेकच्या दोरीच्या टोकाचं लूप स्वतःतूनच ओवून केलेला फास त्यांतल्या एका गाठीमागे बसतो. तो फास सोडवून हँडलपासून आणखी लांबच्या गाठीवर न्या. गाठ जितकी हँडलपासून दूर, तितकी ब्रेकची दोरी लांब आणि ब्रेक सैल. दोन्ही हँडलवर एकाच वेळी, एकेकच गाठ बदला आणि दर बदलानंतर पतंग उडवून बघा. घाईने एकदम शेवटच्या गाठीवर जाऊ नका. ब्रेक जास्त सैल झाला की वळणं आळशी होतात, उलटा पडलेला पतंग मागून उचलता येत नाही, आणि डोक्यावर गेलेल्या पतंगाला थोपवायला हातात काही उरत नाही. हँडल खालून साधारण तळहाताच्या रुंदीएवढं ओढल्यावर मागची कड हलायला लागते, त्याच्या आधी नाही, असं सेटिंग मला हलक्या वाऱ्यासाठी बरं वाटतं.

लीडरच्या गाठी संपल्या आणि तरी ब्रेक ताठच असेल तर लीडर बदलून लांब बांधा. पॉवरच्या बाजूचा लीडर आखूड करूनही तोच परिणाम मिळतो.

गाठी बरोबर असूनही हातच ब्रेक लावत असतात, हेही सतत दिसतं. पतंग उठत नाही म्हणून माणूस हँडल घट्ट आवळतो, कोपर मागे नेतो आणि मूठ खालून अंगाकडे वळते. खालचं टोक पोटाकडे आलं की ब्रेक लागलाच. हलक्या वाऱ्यात तर्जनी पॉवरच्या लीडरच्या वर, बाकी बोटं सैल, आणि हँडलचं खालचं टोक पतंगाकडे आपोआप झुकेल इतकी ढील, अशी पकड ठेवा. मनगटाला बांधायच्या सुरक्षा पट्ट्याही बघा. त्या ब्रेकच्या लीडरला जोडलेल्या असतात, आणि पट्टीची दोरी आखूड असेल तर हात वर उचलताच ती ब्रेक खेचते. दोन हँडलऐवजी एकच आडवा दांडा असतो त्या तीन दोऱ्यांच्या बारवर हीच भूमिका तिसरी सुरक्षा-दोरी करते. ती ताणलेली राहिली की ब्रेकच झाला.

वारा खरंच पुरेसा आहे का

फॉइल पतंगाला काड्या नसतात. 1960च्या दशकात डॉमिना जॅल्बर्ट यांनी पॅराफॉइल बनवला त्याच तत्त्वावर तो चालतो: पुढच्या तोंडातून हवा कप्प्यांत शिरते आणि तिच्या दाबानेच कापडाला पंखाचा आकार येतो. दाबच नसेल तर आकार नाही, आणि आकार नसेल तर उचलही नाही. आता हिशेब बघा. ताशी १० किलोमीटर वाऱ्याचा दाब एका चौरस मीटरवर साधारण अर्ध्या किलोच्या वजनाइतका येतो. ताशी २० किलोमीटरला तो दोन किलोंच्या आसपास जातो. वारा दुप्पट, दाब चौपट. म्हणून हलक्या वाऱ्यात ताशी दोन-तीन किलोमीटरचा फरकही ‘उडतो’ आणि ‘उडत नाही’ यांच्यातला फरक ठरू शकतो.

वारामापक नसेल तर ब्यूफोर्ट मापनातल्या खुणा पुरतात. चेहऱ्याला वारा जाणवतो, पानं सळसळतात, तर ताशी ६ ते ११ किलोमीटर. पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलतात, हलका झेंडा फडकून पसरतो, तर १२ ते १९. पहिल्या पट्ट्यात मोठा, हलका, रुंदीच्या मानाने फार लांबट नसलेला पतंग कसाबसा चालतो. दुसऱ्या पट्ट्यात नवा पतंग ओळखीचा करून घ्यावा. पान हलत नाही अशा दिवशी नव्या पतंगाची परीक्षा घेऊ नका, त्यातून पतंगाबद्दल काहीही खरं कळत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. जमिनीलगत वारा घर्षणाने मंदावतो. मोकळ्या सपाट मैदानावरही दोन मीटर उंचीच्या तुलनेत वीस मीटरवर तो तिसऱ्या हिश्शाने किंवा त्याहूनही जास्त असू शकतो. पतंगाचा सगळ्यात कठीण प्रवास म्हणजे पहिले चार-पाच मीटर. तेवढे पार करून दिले की वर त्याला स्वतःचा वारा मिळतो. उडवणाऱ्याचं खरं कसब त्या पहिल्या टप्प्यात आहे.

उठवण्याची पद्धत

जोराच्या वाऱ्यात पतंग वाऱ्याच्या खिडकीच्या, म्हणजे तुमच्यासमोर पतंग जिथे उडू शकतो त्या आकाशाच्या पट्ट्याच्या, कडेने वर चढवायला शिकवतात, म्हणजे तो झटका देत नाही. हलक्या वाऱ्यात नेमकं उलट करा: वारा पाठीवर घ्या आणि पतंग तुमच्यासमोर, वारा जातो बरोबर त्या दिशेला ठेवा. तिथेच ओढ जास्त असते आणि आत्ता ती हवी आहे.

कप्प्यांची तोंडं उघडी आणि वाऱ्याकडे आहेत ना ते बघा. मागच्या कडेवर थोडी वाळू किंवा पाण्याच्या पिशव्या ठेवल्या असतील तर त्या काढा. जोराच्या वाऱ्यात त्या पतंगाला धरून ठेवतात, इथे त्या फक्त वजन आहेत. आधी हलका ताण देऊन कप्पे भरू द्या. बंद कप्प्यांचा, म्हणजे आत गेलेली हवा झडपांनी अडवून ठेवणारा, पतंग असेल तर तो हाताने उचलून, तोंडं वाऱ्याकडे धरून आधीच भरून घ्यावा लागतो. अर्धवट भरलेला बंद पतंग हलक्या वाऱ्यात उठवायचा हट्ट निष्फळ आहे.

मग दोन्ही हात एकदम खाली-मागे न्या आणि त्याच वेळी मागे चाला. ओढ वरच्या, पॉवरच्या दोऱ्यांवर यायला हवी. हँडलची वरची टोकं अंगाकडे आणि खालची पतंगाकडे, ही स्थिती मुद्दाम जपा. पाच-सात झपझप पावलं मागे टाकली की तुमच्या चालण्याचा वेग वाऱ्यात मिळतो. ताशी पाच किलोमीटर चालणं म्हणजे १० च्या वाऱ्याचे १५ झाले, आणि दाब सव्वादोनपट. पतंग वर चढायला लागला की एकदम थांबू नका, पावलं हळूहळू कमी करा. त्यासाठी पाठीमागे मोकळी, खड्डे नसलेली जागा आधी चालून बघितलेली असावी. मागे न बघता मागे धावणं हे या खेळातल्या पडझडीचं मोठं कारण आहे.

वर गेल्यावर त्याला थांबू देऊ नका

हलक्या वाऱ्यात उभा राहिलेला पतंग मरतो आणि फिरणारा जगतो. पतंग आडवा धावतो तेव्हा त्याला लागणारा वारा हा जमिनीवरच्या वाऱ्यापेक्षा खूप जास्त असतो, कारण त्यात त्याच्या स्वतःच्या वेगाची भर पडते. म्हणून डावी-उजवीकडे लांब, आडवे आठ काढत राहा.

वळणं मोठी घ्या. आतला ब्रेक ओढून पतंग जागच्या जागी गरकन फिरवला की तो वेग गमावतो आणि फिरून झाल्यावर पुन्हा मागे बसायला लागतो. आतल्या बाजूची पॉवरची दोरी ओढा, बाहेरच्या हाताने ढील द्या, आणि ब्रेकचा फक्त स्पर्श. वळण खिडकीच्या मधल्या पट्ट्यात पूर्ण करा. अगदी कडेला जाऊन वळवायला गेलात तर तिथे ओढच नसल्यामुळे तो अर्ध्या वळणात लटकतो.

आणि पाय वापरा. वळणाच्या वेळी दोऱ्या सैल पडताहेत असं वाटलं की दोन पावलं मागे, पतंग मधून वेगाने जाताना ओढतोय तेव्हा दोन-चार पावलं पुढे. पुढे चालून मिळवलेली ही जागा पुढच्या सैल क्षणी मागे जायला उपयोगी पडते. हे जमलं की ताशी नऊ-दहा किलोमीटरच्या वाऱ्यातही चांगला फॉइल बराच वेळ वर राहतो, आणि त्यात जे सुख आहे ते जोराच्या वाऱ्यात मिळत नाही. हाताला येणारी प्रत्येक लहर कळते.

डोक्यावर जाऊन दुमडणाऱ्या पतंगासाठी: तो माथ्याकडे वेगात चढत असेल तर पोचण्याआधीच त्याला एका बाजूला वळवा. माथ्यावर ठेवायचाच असेल तर ब्रेकवर हलका हात ठेवून त्याचा वेग मोडा. दोऱ्या सैल पडल्याच तर लगेच मागे पळा, दोन्ही ब्रेक एकदा थोडे ओढून सोडा म्हणजे कप्पे पुन्हा भरतात. पंखाचं टोक ब्रायडलमध्ये अडकून पतंग बो-टायसारखा झाला असेल तर हवेत झटके देत बसू नका, खाली उतरवून सोडवा.

वजन

दवाने किंवा पाण्याने ओलं झालेलं कापड हलक्या वाऱ्यात उडत नाही, यात फार शोधण्यासारखं काही नाही. वाळू मात्र फसवते. ती कप्प्यांतून मागच्या कडेच्या कोपऱ्यात जाऊन बसते, पतंग मागून जड होतो आणि लक्षण अगदी ब्रेकसारखंच दिसतं. पतंग उलटा धरून मागच्या शिवणीवर बोटं फिरवून बघा. बऱ्याच पतंगांच्या टोकाशी वेल्क्रोने बंद केलेली फट असते, ती वाळू झटकण्यासाठीच असते.

दोऱ्यांचं वजनही लागतं. जोराच्या वाऱ्यासाठीच्या जाड दोऱ्या हलक्या वाऱ्यात मध्येच लोंबतात आणि हाताची हालचाल पतंगापर्यंत पोचायला उशीर होतो. बारीक दोऱ्यांचा वेगळा संच असेल तर आज तो लावा, पण पतंगासाठी सांगितलेल्या ताकदीपेक्षा कमी ताकदीचा नको.

वारा वाढला तर

हलक्या वाऱ्यासाठी काढलेला मोठा पतंग हीच खरी जोखीम आहे. १० चा वारा २० झाला की ओढ चौपट होते आणि मघाशी आर्जवं करायला लावणारा पतंग माणसाला फरफटत नेऊ शकतो. त्यामुळे वारा कितीही किरकोळ वाटला तरी मनगटाच्या सुरक्षा पट्ट्या बांधा, म्हणजे हँडल सोडले की फक्त ब्रेक ओढले जाऊन पतंग निपचित खाली पडेल. ही सुटका पहिल्याच दिवशी मुद्दाम करून बघा. दोरी हाताला किंवा बोटाला कधीही गुंडाळू नका. या पतंगांना लावतात ती डायनीमा या मजबूत कृत्रिम धाग्याची दोरी बारीक असते, ताणाखाली ती कातडी कापते. ती साधारण १५० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळत असल्यामुळे चालती दोरी थांबलेल्या दोरीवर घासली तरी तुटते, म्हणून दुसऱ्याच्या दोऱ्यांपासून लांब राहा. आकाशात ढग उभे वाढताना दिसले, किंवा वारा अचानक थांबून दिशा बदलला, तर पतंग उतरवून बांधून ठेवा.

तीच तक्रार काही आठवड्यांनी परत आली तर

नव्या दोऱ्या सुरुवातीच्या दिवसांत बसतात: वीण आवळते, टोकाच्या शिवणी आणि गाठी घट्ट होतात. सगळी ओढ पॉवरच्या दोऱ्यांवर येत असल्यामुळे त्याच काही सेंटिमीटर लांबतात, ब्रेकच्या जवळपास तशाच राहतात. म्हणजे तुम्ही गाठीला हात न लावताही ब्रेक आपोआप आवळला जातो, आणि सुरुवातीला नीट उडणारा पतंग हलक्या वाऱ्यात पुन्हा मागे बसायला लागतो. म्हणून पहिल्या काही वेळा उडवून झाल्यावर चारही दोऱ्या हँडलवरून सोडवा, एक टोक खुंटीला अडकवा आणि दुसरी टोकं एकत्र धरून सारखा ताण द्या. आधी डावी पॉवर उजव्या पॉवरशी आणि डावा ब्रेक उजव्या ब्रेकशी जुळवा. आखूड झालेली दोरी एकटीच जोरात ताणून थोडी लांबवता येते. नाही जमलं तर लांब दोरीच्या टोकाच्या स्लीव्हमध्ये, म्हणजे टोकावर चढवलेल्या जाड आवरणात, गाठ थोडी पुढे सरकवून ती आखूड करा. पॉवर आणि ब्रेक यांच्यात उरलेला फरक दोरीत नव्हे, लीडरच्या गाठीवर काढा, आणि मग पुन्हा बाजूला एक माणूस उभा करून ब्रेकच्या दोरीचा झोळ दिसतो का ते बघा.